बाकावर तुमची जागा होती

कोथरूड, पुणे
रविवार, रात्री

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर सगळं सांगून झालं असं तुम्हाला वाटलं असेल. पण फोन मुलांच्याच हातात होता आणि मला जे सांगायचं होतं ते राहून गेलं. शिवाय मी विषय काढला की आई "बघू गं पुढच्या वेळी" म्हणते आणि वाईत किती गारठा पडलाय ते सांगायला लागते. म्हणून पत्रच लिहायला बसले. बाबा, तिला मोठ्यानं वाचून दाखवा.

दिवाळीत मी तुम्हाला इमॅजिकाला चला म्हटलं, तेव्हा तुम्ही दोघंही एकच बोललात. आम्ही म्हातारी माणसं तिथं काय करणार, तुमच्या पायात पाय. मला उत्तर देता आलं नाही, कारण मनातून मलाही तसंच वाटत होतं. थीम पार्क म्हणजे पळापळ, उंचच उंच पाळणे आणि किंचाळणारी कॉलेजची पोरं, एवढंच माझ्या डोळ्यांसमोर होतं. आता दोन दिवस काढून आल्यावर सांगते, लहान मुलांना घेऊन गेलं की तिथला निम्मा दिवस बसण्यात जातो. आणि जिथे जिथे बसले तिथे मला तुमची आठवण आली.

जातानाचा रस्ता काही नवा नाही. पहाटे निघालो, लोणावळ्याला मुलांनी वडापाव मागितला, मग घाट. बाबा, अमृतांजन पूल यायचा तिथे मी सवयीनं ओवीला "बघ बघ" म्हटलं आणि मग आठवलं की तो 2020च्या एप्रिलमध्येच पाडला. तिनं विचारलं, "काय बघू?" तुम्ही गाडीत असतात तर पूल नसतानाही तिला तो दिसला असता. घाट उतरून खोपोलीला बाहेर पडायचं आणि पालीच्या रस्त्याला लागायचं, की आलंच.

आता बाकाचं सांगते. तिथे नायट्रो नावाचा एक मोठा रोलर कोस्टर आहे. पायाखाली फळी नसते, पाय अधांतरी, आणि माणूस पाच वेळा उलटा होतो. ओवीनं महिनाभर त्याचाच ध्यास घेतला होता. पण दाराशी उंचीची खूण असते, 140 सेंटीमीटर. ओवी टाचा उंचावून, मान ताणून उभी राहिली, तरी कितीतरी कमी पडली. रडली नाही, पण ओठ आवळून घेतले. तुम्हाला माहीतच आहे तिचं. मी तिला बाजूला घेऊन समजावलं, की अंगावर येणारी ती जाड पकड मोठ्या माणसाच्या मापानं केलेली असते, लहान अंग तिच्यात घट्ट बसत नाही. तू किती धीट आहेस याच्याशी त्याचा काही संबंध नाही. हे आदल्या दिवशी घरीच सांगायला हवं होतं. दाराशी उभं राहून आठ वर्षांच्या मुलीला "नाही" ऐकायला लागणं फार वाईट.

निहार तर चारच वर्षांचा. त्याच्यासाठी गोल फिरणारे घोडे, वरखाली उडणारे छोटे हत्ती, असं थोडंच. म्हणजे झालं काय, समीर ओवीला घेऊन एका रांगेत आणि मी निहारला घेऊन बाहेर. मग अदलाबदल. चौघं एकत्र असे आम्ही फक्त जेवताना आणि संध्याकाळची मिरवणूक बघताना होतो. दुपारी दीडच्या सुमाराला निहार माझ्या मांडीवर झोपला तो तीन वाजेपर्यंत. झाडाखालचा बाक होता, वारा होता, कुठूनतरी वाद्यांचा आवाज येत होता. शेजारच्या बाकावर एक आजी नातवाला संत्रं सोलून देत होत्या. एकेक फोड, शिरा काढून, बिया काढून. त्यांना कुठेही जायची घाई नव्हती. त्यांनी मलाही दोन फोडी दिल्या आणि म्हणाल्या, "सून गेलीय मोठीला घेऊन, मी इथे राजी." आई, तो दीड तास मी त्यांच्याकडेच बघत होते. ती जागा तुझी होती.

निहारचं एक फोनवर सांगितलं नाही, कारण सांगताना मला लाज वाटली असती. तिथे हत्तीचा वेष घातलेला माणूस फिरतो, मुलं त्याला मिठ्या मारतात. आम्हाला फोटो हवा होता. निहार माझ्या ओढणीत तोंड लपवून म्हणत होता, "नको, नको." मी म्हटलं, "अरे, खोटा आहे तो," आणि त्याला धरून पुढे केलं. फोटो आला, पण त्यात तो इतका घाबरलेला आहे की मी तो लगेच काढून टाकला. नंतर संध्याकाळपर्यंत तो प्रत्येक वळणावर आधी डोकावून बघत होता, हत्ती आहे का म्हणून. इतक्या लहान मुलाला वेगाची भीती वाटेल अशी आपली समजूत असते. त्याला भीती वाटली ती न मिटणाऱ्या भल्यामोठ्या डोळ्यांची.

आणि मला पेशवे पार्क आठवलं. मी केवढी होते तेव्हा, निहारएवढीच ना? वाघाच्या पिंजऱ्याशी सगळे पुढे रेटत होते, बाबांनी मला खांद्यावर घ्यायला हात पुढे केले आणि मी भोकाड पसरलं. तू बाबांना म्हणालीस, "राहू द्या, तिला नाही बघायचा तर नाही." एवढंच. आणि मला बागेतल्या छोट्या आगगाडीकडे, फुलराणीकडे घेऊन गेलीस. ती गाडी 1956पासून पुण्याच्या मुलांना फिरवते आहे हे मला अलीकडे कळलं, पण तिचं ते संथ वळण माझ्या अजून पोटात आहे. मी दुसरी फेरी मागितली, तू पर्समध्ये बघितलंस, बाबांकडे बघितलंस आणि तिकीट काढलंस. नंतर आपण सारसबागेपासून कर्वेनगरपर्यंत चालत आलो. पीएमटी बसचे पैसे फुलराणीत गेले होते हे मी मोठी झाल्यावर, तुम्ही कधीतरी हसत बोलताना ऐकलं. प्राणी पुढे कात्रजला गेले, ते पिंजरे आता नाहीत. पण तुमच्या त्या चालत येण्याची किंमत मला यावेळी इमॅजिकाच्या तिकीट खिडकीशी कळली. आम्ही कार्ड पुढे केलं आणि आत गेलो. तुम्ही पाच किलोमीटर चाललात, आणि मी शेवटचा अर्धा रस्ता बाबांच्या खांद्यावर झोपलेली होते.

आता बाबा, तुमच्यासाठीचं. तिथे एक होडीची सफर आहे, अंधारातून जाते, डायनोसॉर अंगावर येतात आणि शेवटी होडी धाडकन खाली पाण्यात. आम्ही चिंब भिजलो. तिचं नाव राजासॉरस. ओवीला वाटलं नाव तिथल्याच लोकांनी रचलं असेल. रात्री मी शोधून वाचलं, तर हा प्राणी खरोखरचा! हाडं गुजरातेत बालासिनोरजवळ रहियोलीला सापडली आणि 2003मध्ये शास्त्रज्ञांनी त्याचं नाव ठेवलं राजासॉरस नर्मदेन्सिस. आपल्या नर्मदेवरून. डोक्यावर बुटकं शिंग असलेला, मांस खाणारा. हे ऐकल्यावर ओवी अंथरुणात उठून बसली आणि तिनं विचारलं, "मग तो आपल्या घाटात यायचा का?"

मला उत्तर आलं नाही. एवढंच सांगितलं, की तो काळ साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, आपल्या घाटातला काळा दगड लाव्हातून आला तोही त्याच सुमाराचा, आणि पुढचं आजोबांना विचार. तुम्ही खंडाळ्याला गाडी थांबवून आम्हाला बसाल्टचे थर मोजायला लावायचात. आम्हाला तेव्हा चिक्की हवी असायची, थर नकोत. ओवीला थर हवे आहेत, बाबा. तिनं वहीत पाच प्रश्न लिहून ठेवलेत, आणि ती म्हणते फोनवर नाही विचारणार, दगड समोर हवा.

म्हणून आता ठरवते आहे ते ऐका. फेब्रुवारीत, ऊन वाढायच्या आत, मंगळवार-बुधवार गाठून जाऊ. शनिवार-रविवारची गर्दी तुम्हाला नको. पार्कला लागूनच हॉटेल आहे, तिथे एक रात्र राहायचं. म्हणजे दुपारी बाबांना गोळी घेऊन आडवं होता येईल आणि आईला पाय वर करून बसता येईल. जाताना घाटात थांबायचं, बाबा सांगतील तिथे. येताना महडला वरदविनायकाचं दर्शन. तिथला नंदादीप 1892पासून तेवतो आहे म्हणतात, आणि आईची अष्टविनायकाची यात्रा महडशिवायच राहिली आहे, हे मी विसरलेले नाही. वेगाच्या पाळण्यात तुम्हाला कोणीही बसवणार नाही. समीर आणि मी दोघं मिळून ओवीबरोबर जाऊ, निहार तुमच्याजवळ. हत्ती आलाच तर आजीचा पदर आहे.

आई, गुडघ्याचा पट्टा आण आणि चपला नको, बूट घाल. नसतील तर इथे आलीस की लक्ष्मी रोडला घेऊ. बाबा, तुमचा तो छोटा हातोडा माळ्यावर असेल तर आणा.

ओवीनं स्वयंपाकघराच्या चौकटीवर पेन्सिलीनं रेघ मारून 127 लिहिलंय. तिच्या खाली निहारची रेघ आहे, आणि त्याच्या आग्रहावरून त्यापुढे एक हत्ती. हा हत्ती छोटा आहे, त्याची भीती नाही वाटत, असं त्यानं तुम्हाला कळवायला सांगितलंय.

सकाळची आठची एसटी धरा. समीर स्वारगेटला येईल.

तुमची,
मनू