मुंबईचा तो आलेख

प्रिय सुन्या,

तुझ्या पत्राला महिना झाला, उत्तर आज लिहितोय. शिव्या नंतर घाल, आधी माझं एक काम आहे.

एमएस्सीला असताना मी तुला एक आलेख दाखवला होता, आठवतो? 1905-06 च्या प्लेगात मुंबईत दर आठवड्याला किती माणसं मेली त्याचा. कर्मॅक आणि मॅकेंड्रिक यांनी 1927 साली साथ कशी पसरते याचं आपलं समीकरण त्यावर बसवलं. एक प्रयोगशाळेतल्या स्फोटात सव्विसाव्या वर्षी आंधळा झालेला रसायनशास्त्रज्ञ, दुसरा हिंदुस्थानात नोकरी केलेला डॉक्टर. रेघ ठिपक्यांवर अशी चपखल बसली होती की मी भारावून गेलो होतो.

पुढे कळलं, त्या समीकरणात रोग माणसाकडून माणसाला जातो. मुंबईतला प्लेग होता उंदरांच्या पिसवांचा! त्याच सुमारास परळच्या प्रयोगशाळेत गिनीपिगांचे पिंजरे टांगून बघत होते: जमिनीवरचे मरायचे, पिसवांची उडी पोचणार नाही इतके उंच टांगलेले वाचायचे. शिवाय उन्हाळा तापला की तिथला प्लेग दरवर्षी आपसूक ओसरायचा. म्हणजे रेघ बसली, पण त्यात उंदीरही नव्हता आणि ऊनही नव्हतं.

माझंही तेच झालं बघ. डेंग्यूचा अंदाज मी पावसावर बांधला होता. आणि रुग्ण वाढले कुठे, तर ऐन कोरड्यात, एकाच वाडीत. आशाताईंबरोबर गेलो. त्यांनी एका पिंपाचं झाकण उचलून बॅटरी मारली. अळ्या वळवळत खाली पळाल्या. घरातली बाई म्हणाली, "पाणी ओतून द्या म्हणता, नळ चार दिवसांनी येतो." आशाताई तिला समजावत होत्या की नुसतं ओतूनही भागत नाही, अंडी कडेला चिकटतात नि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने तगतात, पिंप घासायलाच हवं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सर, नळाची पाळी धरलीय का तुमच्या गणितात?"

धरली नव्हती.

आता आमच्या टेबलाशी कीटकशास्त्राच्या एक बाई आहेत, एक डॉक्टर आहे, रोज भांडणं होतात. पाण्याचं कळणारा मात्र कुणी नाही. तू इतकी वर्षं पाणीपुरवठ्यात आहेस. व्हॉल्व्ह सोडणारे लोक रोजची वेळ वहीत लिहितात का रे? आणि लिहिलेलं खरं असतं का? मागच्या दोन वर्षांच्या वह्या कुणाकडे मागायच्या, तेवढं कळव. फोन केलास तरी चालेल, रात्री नऊनंतर.

तुझा,
बंड्या