झुरिकमधल्या अनोळखी माणसांचे आभार

आमच्या इमारतीतल्या आजी, कचऱ्याला इथली ठरावीक 'झ्युरी-सॅक' पिशवीच लागते, रिकाम्या बाटल्या रविवारी टाकायच्या नसतात, तळघरातल्या वॉशिंग मशीनची पाळी कशी लावायची, हे सगळं तुम्ही हातवारे करकरून शिकवलंत. मनापासून आभार!

आणि ऱ्हाइन धबधब्यावरच्या त्या दोघांचे तर किती मानावेत? 150 मीटर रुंद, 23 मीटर उंचीवरून कोसळणारं पाणी, ओल्या पायऱ्या आणि सासूबाईंचे दुखरे गुडघे. तुम्ही दोन्ही बाजूंनी आधार देत त्यांना लाउफेन किल्ल्याखालच्या कठड्यापर्यंत नेलंत. पंचाहत्तरीत त्यांनी तो गडगडाट इतक्या जवळून ऐकला, अंगावर तुषार घेतले! त्याच रात्री साताऱ्याला फोन करून बहिणींना सगळं सांगितलं. तुमची नावं आम्हाला ठाऊक नाहीत, म्हणून हे जाहीर आभार.