सोयी दिल्या, पण ऐकून घेतले का?

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कर्मचाऱ्यांचा विश्वास कसा संपादन करावा, याची उद्योगजगतात हल्ली बरीच चर्चा होते. मात्र तिचा भर उपाहारगृह, विमा, सहली अशा सोयींवरच असतो. सोयी हव्यातच, पण केवळ त्यांच्या बळावर विश्वास मिळत नाही, हे जमशेदपूरच्या पोलाद कारखान्याच्या इतिहासावरून दिसते. टाटांनी तेथे 1912 मध्येच आठ तासांचा दिवस आणि 1920 मध्ये भविष्य निर्वाह निधी सुरू केला, तरीही 1920 आणि 1928 मध्ये मोठे संप झाले, आणि दुसऱ्या संपात तर सुभाषचंद्र बोस यांना लक्ष घालावे लागले. पुढे 1956 च्या करारान्वये कामगार प्रतिनिधींशी संयुक्त सल्लामसलतीची रीत पडली. त्यानंतरही 1958 मध्ये संप झालाच, परंतु तो पुकारला होता मान्यता न मिळालेल्या प्रतिस्पर्धी संघटनेने. व्यवस्थापन ज्यांचे ऐकत होते, त्यांच्याबाहेरही बरेच कामगार होते, असाच याचा अर्थ मी लावतो.

आपल्याकडे ऐकण्याची तरतूद कायद्यातच आहे. शंभर वा अधिक कामगारांच्या आस्थापनांत दोन्ही बाजूंच्या प्रतिनिधींची समिती नेमण्याची तरतूद 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात होती, आणि ती 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेतही कायम आहे. प्रत्यक्षात मात्र अनेक ठिकाणी चहा आणि गणवेश यांपलीकडे बैठक सरकत नाही, आणि इतिवृत्तावर सह्या झाल्या की विषय संपतो. (सूचनापेटीची किल्ली कोणाकडे आहे, हेही पुष्कळदा कोणाला ठाऊक नसते.) मागणी मान्य झालीच पाहिजे, असा कामगारांचा हट्ट नसतो, नकार द्यायचा असेल तर तो कारणासह आणि निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्याने स्वतः पुढच्या बैठकीपूर्वी द्यावा, एवढीच अपेक्षा असते. तसेच वडिलांच्या वयाच्या कामगाराला नवखा अभियंता सर्वांदेखत ‘अरे-तुरे’ करत असेल, तर त्याच्यासमोर मनातले बोलण्यास कोण धजेल?

जमशेदपुरात 1958 मध्ये जे घडले, त्याची आठवण आज कंत्राटी कामगारांच्या बाबतीत अधिक व्हावी. त्याच यंत्रावर, त्याच पाळीत राबूनही त्यांना कोणी काही विचारत नाही, कारण कागदोपत्री ते ठेकेदाराचे असतात. व्यवस्थापनांनी समितीच्या बैठकीला त्यांच्या प्रतिनिधींनाही बोलवावे, आणि ठेकेदाराला मध्ये न घेता त्यांचे म्हणणे ऐकावे, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त पर्यवेक्षक, चिंचवड