आमच्या सवंगड्याला मुलांचे आवाज हवे आहेत

आपल्या बालवाचनालयात गेले काही महिने पडद्यावरचा एक सवंगडी, म्हणजे संगणकातलं एक पात्र, मुलांबरोबर अभ्यासाला बसतो. तो बोलतो, शंका विचारतो आणि चुकतोही. त्याने चुकावं म्हणूनच त्याला तसं घडवलं आहे.

मागे तो ठासून म्हणाला, "एक अष्टमांश हा एक चतुर्थांशापेक्षा मोठा, कारण आठ चारपेक्षा मोठे." एरवी चारचौघांत तोंड न उघडणारी एक मुलगी लगेच पुढे सरकली. तिने कागदाच्या घड्या घातल्या, उलगडल्या आणि कागद पडद्यासमोर धरला. सवंगड्याला काही दिसत नाही. कॅमेरा आम्ही मुद्दामच बंद ठेवला आहे. "दिसत नाही होय तुला? बरं, मग ऐक." दोनदा ती अडखळली. तिसऱ्यांदा मात्र म्हणाली, "अरे, आठ जणांत वाटलं तर प्रत्येकाच्या वाट्याला कमीच येणार ना!" अपूर्णांक तिला त्या क्षणी खऱ्या अर्थाने उमगला, असं आम्हाला वाटतं.

मुलांनी पात्राला शिकवायचं, ही कल्पना आमची नाही. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात 'बेटी' नावाचं असंच एक पात्र तयार झालं. मुलं कारण-परिणामांचे नकाशे काढून तिला शिकवतात आणि मग ती परीक्षा देते. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं, की स्वतःसाठी शिकण्यापेक्षा अशा पात्राला शिकवायचं असलं की मुलं अभ्यासाला जास्त वेळ देतात. धाकट्या भावंडाला शिकवताना आपलाही धडा पक्का होतो, हे घरोघरी ठाऊक आहेच.

पण आमची गाडी एका जागी अडली आहे. सवंगड्याला मुलांचं बोलणं नीट कळत नाही. बोलणं ओळखणाऱ्या प्रणाली बहुतांशी मोठ्या माणसांच्या आवाजांवर तयार होतात. मुलांचा स्वरमार्ग, म्हणजे घशापासून ओठांपर्यंतची आवाजाची वाट, आखूड; आवाज बारीक. शिवाय मध्येच थांबणं, शब्द अर्धा सोडणं, वाक्य पुन्हा पहिल्यापासून सुरू करणं. घरी 'पानी' म्हणणारं मूल इथेही 'पानी'च म्हणतं आणि सवंगडी गप्प बसतो. मूल पुन्हा सांगतं, तो पुन्हा गप्प. तिसऱ्या खेपेला मूल उठून जातं. आपलंच काहीतरी चुकलं असं त्याला वाटतं, आणि ते पाहणं आमच्याच्याने होत नाही.

म्हणून पहिली विनंती आवाजांची. पाच ते बारा वर्षांच्या आपल्या मुलांना वाचनालयात घेऊन या. चित्रं पाहून त्यांनी आपल्या शब्दांत गोष्ट सांगायची, एवढंच. पालकांच्या लेखी संमतीशिवाय काहीही ध्वनिमुद्रित होणार नाही, मुलाचं नाव आवाजासोबत ठेवलं जाणार नाही आणि तुम्ही सांगाल त्या दिवशी ते ध्वनिमुद्रण पुसलं जाईल. यात आम्ही काटेकोर आहोत. 1966 मधला 'एलायझा' हा साधा संवाद-प्रोग्रॅम, पण त्याच्यापाशीही मोठी माणसं मन मोकळं करू लागली होती. मुलं तर किती पटकन जीव लावतील! त्यामुळे सवंगडी कधीच घरच्या गोष्टी विचारत नाही, आणि "तू खरा आहेस का?" असं कुणी विचारलं तर "नाही, मी संगणकातलं पात्र आहे" असंच सांगतो.

दुसरी विनंती वेळेची. मुलाशेजारी एक मोठं माणूस बसलेलं हवंच. संगणकाचं ज्ञान लागत नाही. मूल विचार करत असताना उत्तर न सांगता थांबता आलं पाहिजे. हे वाटतं त्याहून अवघड आहे. निवृत्त शिक्षकांनी आणि आजी-आजोबांनी जरूर यावं.

चालू स्थितीतले टॅबलेट, माइक असलेले हेडफोन घरी पडून असतील तर द्या. रोख देणगीही हवी आहे. ती ध्वनिमुद्रणाच्या साधनांसाठी आणि मुलांचं बोलणं ऐकून लिहून काढणाऱ्यांच्या मानधनासाठी वापरू. पावती मिळेल, हिशेब फलकावर लागेल.

नावनोंदणी वाचनालयात सुरू आहे. अडखळत, बोबडं किंवा फार हळू बोलणाऱ्या मुलांना तर आवर्जून आणा. त्यांचेच आवाज आमच्याकडे सर्वांत कमी आहेत.