लाट किती फुटांची, एवढंच विचारू नका

प्रिय आई-बाबा,

बाबा, मी फळीवरून लाटांवर सर्फिंग करायला लागल्यापासून दर फोनला तुमचा पहिला प्रश्न ठरलेला: आज लाटा किती फुटांच्या? मी आकडा सांगते, तुम्ही तो आईला सांगता आणि मग ती दिवसभर जिवाला घोर लावून बसते. म्हणून यावेळी सविस्तर लिहिते आहे.

नुसत्या उंचीवरून काही कळत नाही. दोन लाटांमध्ये किती सेकंद जातात, ते विचारत जा. ३ फुटांच्या लाटा ७ सेकंदांनी येत असतील तर त्या जवळपासच्या वाऱ्याने उठवलेल्या, विस्कटलेल्या, फारसा जोर नसलेल्या. त्याच १५ सेकंदांनी येत असतील तर दूर भर समुद्रात वादळ झालेलं असतं. अशा लाटांचा समूह ताशी ४० किलोमीटरच्या आसपास सरकतो. अडीच हजार किलोमीटरवरून निघाला तर इथे पोचायला अडीच दिवस. तोवर ते वादळ विरूनही गेलेलं असतं. शिवाय उथळ पाण्यात शिरल्यावर या लाटा सांगितलेल्या आकड्यापेक्षा चांगल्याच उंच उठतात. म्हणजे ‘३ फूट’ ऐकून तुम्ही निर्धास्त होता, त्या दिवशी मी काठावर उभी राहून दहादा विचार करत असते.

मोठ्या लाटा एकामागून एक तीन-चार येतात आणि मग बराच वेळ सगळं शांत. त्यामुळे आल्या आल्या पाण्यात धावायचं नाही, निदान वीस मिनिटं नुसतं बघायचं. वारा जमिनीकडून असेल तर लाट उभी, गुळगुळीत राहते; समुद्राकडून सुटला की सगळ्या लाटांचा विचका. आणि दोन्हीकडे फेस उसळत असताना मधला जो पट्टा शांत, गडद दिसतो, तिथूनच पाणी जोरात आत ओढत असतं. पर्यटक नेमके तिथेच पोहायला उतरतात! तसं ओढलं गेलं तर फळी सोडायची नाही, आणि प्रवाहाशी झुंजायचंही नाही. किनाऱ्याला समांतर हात मारत बाजूला व्हायचं.

आई, तू म्हणालीस की थंडी सरली, आता पाणी बरं असेल. उलट आहे गं. समुद्र हवेच्या मागून गार होतो, म्हणून हिवाळा संपतानाच पाणी सगळ्यात थंड असतं, इथे ९ अंशांवर. अंगात ५ मिलिमीटर जाडीचा वेटसूट, म्हणजे अंगाला घट्ट बसणारा रबरी पोशाख असतो. तो कोरडं ठेवत नाही, आत शिरलेलं थोडं पाणी अंगाच्या उबेने तापतं आणि तेच धरून ठेवतो. तरी मानेतून पहिली धार पाठीवर उतरते तेव्हा श्वास अडकतो. तो ताळ्यावर येईपर्यंत कंबरभर पाण्यातच थांबते. पुढे खरी खूण बोटांची. करंगळी बाकीच्या बोटांना चिकटेनाशी झाली की लाटा कितीही सुंदर असोत, बाहेर. हे मी मोडत नाही. बाहेर आल्यावर लगेच कढत पाणी घ्यायचं नसतं, कारण अंग त्यानंतरही काही वेळ आतून गार होत राहतं. आधी कोरडे कपडे, टोपी, मग काहीतरी गरम पिणं.

कानांचं म्हणशील तर थंड पाणी आणि वाऱ्याने कानाच्या नळीत हाड वाढतं, हे खरं आहे. म्हणून कानात बोळे घालूनच उतरते.

एकटी कधीच जात नाही. आणि बाबा, पुढच्या फोनला सेकंद विचारा, मग वाऱ्याची दिशा. फूट सगळ्यात शेवटी.

तुमची लेक