गुकेशला ते फुकट मिळालेलं नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गुकेशची बातमी वाचली, आनंद झाला, पण चीनच्या डिंग लिरेननं, आधीच्या जगज्जेत्यानं, चूक केली म्हणून हा बुद्धिबळाचा जगज्जेता झाला असा जो त्यात सूर आहे तो खटकला, म्हणून लिहितोय.

१२ डिसेंबर २०२४ ला सिंगापूरचा तो चौदावा, म्हणजे शेवटचा डाव मी हाफ डे टाकून फोनवर लाइव्ह बघितला. दोघांचे साडेसहा-साडेसहा पॉइंट. पांढरी मोहरी, म्हणजे पहिली चाल, डिंगकडे, तरी तो मोहऱ्यांची मारामारी करून पट रिकामा करत होता, कारण बरोबरी झाली की दुसऱ्या दिवशी रॅपिडचा टायब्रेक, म्हणजे कमी वेळाचे निर्णायक डाव, आणि तिथं डिंग भारी पडेल असं बरेच जण म्हणत होते. गुकेशकडे काय, तर एक प्यादं जास्त. आपल्याकडे क्लबात असा डाव आला की लोक हात मिळवून चहाला जातात. हा पोरगा, १८ वर्षांचा, उठलाच नाही, चाल चाल करून दाबत राहिला. डिंगच्या घड्याळात वेळही कमी होता.

५५व्या चालीला डिंगनं हत्ती एफ-२ या घरावर आणून हत्तीला हत्ती दिला. पण त्याचा उंट पार कोपऱ्यात, ए-८ वर. हत्ती गेले की काळा उंट डी-५ वर येतो, पांढऱ्या उंटाला पळायला जागा नाही, उंटाला उंट जातो आणि मग नुसते राजे आणि प्यादी, तिथं ते एक प्यादंच डाव जिंकतं. गुकेश स्वतःच नंतर म्हणाला की तो दुसरीच चाल करणार होता, मग त्याला हे दिसलं. म्हणजे इतके तास खेळून डोकं जागं होतं ना? ५८व्या चालीला डिंगनं डाव सोडला आणि हरणं रास्तच आहे, खंत नाही असंही मोठ्या मनानं सांगितलं. गुकेश रडत होता आणि रडता रडता मोहरी पुन्हा जागेवर लावत होता, ते बघून माझेही डोळे भरले.

माझी मुलगी अंडर-११ खेळते. मागच्या महिन्यात प्यादं जास्त असून तिनं बरोबरी घेतली, का तर कंटाळा आला. काल तिला हा शेवट पटावर मांडून दाखवला, तिनं तीनदा परत मांडायला लावला.

तेव्हा साहेब, फोटोशेजारी त्या ५५व्या चालीचा पटही छापा, रविवारी छापलात तरी चालेल.

आपला,
एक बुद्धिबळवेडा वाचक