शनिवारची बारापासॉरस भेट : वाचून मगच 'येतो' कळवा

नमस्कार मंडळी,

येत्या शनिवारी सकाळी १०.३० वाजता कोलकात्याजवळच्या बारानगरच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमधलं भूविज्ञान संग्रहालय आणि तिथला बारापासॉरस या डायनासोरचा सांगाडा पाहायला जायचं आहे. बी. टी. रोडवरच्या मुख्य फाटकापाशी १०.१५ला जमूया.

सांख्यिकीच्या संस्थेत डायनासोर कशाला, असं गेल्या वेळी दोघातिघांनी विचारलं. तिथल्या भूशास्त्रज्ञांनीच १९६०च्या आसपास आपल्या गडचिरोलीतल्या सिरोंचा तालुक्यातून, पोचमपल्लीजवळून, त्याची सुमारे ३०० हाडं खणून आणली. एकट्या मांडीच्या हाडाची लांबी साधारण १.७ मीटर! नाव बारा पायांवरून नव्हे हं. बंगालीतला 'बडो पा', म्हणजे मोठा पाय. 'टागोराय' हे जातिनाम रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीवरून. १९७५मध्ये नामकरण झालं. कवटी मात्र सापडलीच नाही, नुसते दात मिळाले. सांगाड्याचं डोकं अंदाजाने घडवलेलं आहे, ते नीट निरखा.

आता कामाचं :

• नावं बुधवार रात्रीपर्यंत. यादी फाटकावर द्यायची आहे, आयत्या वेळी कुणाला आत घेता येणार नाही.
• फोटो असलेलं ओळखपत्र प्रत्येकाकडे हवं.
• हाडांना हात लावायचा नाही. मुलांना आधीच बजावा. (मोठ्यांनाही.)
• फोटो विचारूनच काढा, फ्लॅश नको.
• डबा आणा, पण खाणं बाहेर आल्यावर.

सिरोंचा, अहेरीकडचं कुणी असेल तर मला वेगळं कळवा. गावाकडच्या चार गोष्टी तिथेच ऐकू.

— सहल समिती